मास्तरच्या पाठीवरचा हात

बँडचा मास्तर उलटा चालतो, हे किती जणांच्या ध्यानात आलं असेल कोण जाणे. लग्नात माणसं नवरदेवाचं घोडं बघतात, नाचणारी पोरं बघतात, फार तर ट्रंपेटवाल्याचे फुगलेले गाल बघतात. पण मास्तरला आपल्या वाजवणाऱ्यांकडे तोंड करून चालावं लागतं. कोणी थांबायचं, कोणी उचलायचं, हे तो डोळ्यांनी आणि मानेनं सांगत असतो. मग रस्ता येतो त्याच्या पाठीला. खड्डा, गटार, मोकाट जनावर, सगळं पाठीलाच. आमच्या तलवाड्याचे धोंडीराम मास्तर असे उलटे चालत निम्मा गेवराई तालुका हिंडले आणि पडले एकदाच.

ते माझे दाजी. माझी थोरली बहीण छबुबाई, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती त्यांना दिलेली. पडले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उमापूरला एक लग्न होतं. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्या परण्यात दाजी वाजवत वाजवत मागे गेले ते थेट गटारात. क्लॅरनेट ओठात घुसलं, रक्त आलं. लोक हसले. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा हसला. अक्का तिथंच होती, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन. तेव्हा बँडसोबत बत्त्या धरायला बाया लागायच्या आणि घरचीच बाई असली तर परक्या बाईला कशाला सांगायचं, असा सगळा हिशेब. ती हसली नाही. पुढच्या लग्नात ती बत्त्यांच्या रांगेतून निघून दाजींच्या पाठीमागे आली. एक हात डोक्यावरच्या बत्तीला आणि दुसरा त्यांच्या पाठीवर.

तो हात मग तिथंच राहिला. तळवा सपाट असला की चालत राहा. दोन बोटं टोचली की खड्डा आहे. कोट ओढला की वळण. हे त्यांनी एकमेकांना कधी शिकवलं नाही, आपोआप ठरत गेलं. गॅसबत्त्या गेल्या, जनरेटरवरचे दिवे आले, ते गाड्यावर ढकलत न्यायला माणसं आली. अक्काच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण पाठीवरचा हात काही उतरला नाही. दिवसाच्या लग्नातही ती असायची, पदर खोचून, वाजवणाऱ्यांकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. लोकांना वाटायचं, मास्तरची बायको लई हौशी. कसली हौस घेऊन बसलात!

मी गेवराईला शिलाईचं दुकान चालवतो. बँडचे लाल कोट, त्यावरची पिवळी फीत, खांद्यावरच्या झालरी, सगळं माझ्या हातचं. माणूस खरं बोलतो की खोटं, हे मला कधी कळलं नाही आणि त्यापायी मी पुष्कळ ठिकाणी फसलो. पण माणूस भरला की वाळला, हे मला टेप लावायच्या आधी कळतं. अक्काच्या चोळीत मी नेहमी दोन बोटं माया जास्त ठेवायचो. बाई अंगानं भरली तर शिवण उसवून सोडता यावी म्हणून. तिची शिवण मला कधी सोडावी लागली नाही. दरवर्षी आतच घ्यावी लागली.

दसरा झाला की बँड मोडायचा. वाजवणारे सगळे ऊसतोडीला. ऊसतोडीत माणूस एकटा मोजत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता. दाजी आणि अक्का असा एक कोयता होता. तिशीच्या आत तिची गर्भाची पिशवी काढली, कामात खोळंबा नको म्हणून. कोणी सुचवलं, कोणी कापलं, याची चौकशी करायला पुढे पुष्कळ गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या. अक्काची कंबर तेव्हापासून जी धरली ती सुटली नाही. एक लेक होती, ती लांब दिली. राहिले दोघं. उसात मोळी बांधायला ती मागे आणि बँडमध्येही मागेच. मी दाजींना तोंडावर म्हणायचो, "माझ्या बहिणीचं तोंड तरी वळखता का, का नुस्ता तळवाच वळखता?" ते हसून सोडून द्यायचे. मला मात्र त्या बोलण्याचं हसू येत नसे.

अशाच एका हंगामात, तिकडे कारखान्याच्या मैदानावर, चेअरमनच्या वाढदिवसाला पुण्याहून मोठा वाद्यवृंद आला होता. दाजी कोयता खांद्यावर टाकून कुंपणाबाहेर उभे राहिले आणि ते बघून आले ते वेगळेच होऊन आले. काळे कोट घातलेली माणसं आणि बाया रांगेनं खुर्च्यांवर बसलेली. व्हायोलिनचे गज एकदम वर, एकदम खाली. पुढे एक माणूस, हातात बारीक काठी. मग पाहुणी गायिका आली आणि सगळ्या वाद्यांनी आवाज खाली घेऊन तिला वाट करून दिली.

"पर खरं सांगू का राधाकिशन," दाजी मला म्हणाले होते, "त्यो मास्तर चालतच नव्हता. एका जागी हुबा. अन् लोकं बसून ऐकत व्हते. गप. कुनी नाचंना, कुनी नोटा उडवीना. नुस्ते ऐकत व्हते बे."

एवढंच होतं त्यांच्या मनात. एकदा आपला बँड बसून वाजवायचा, लोकांनी बसून ऐकायचा आणि शेजारी एक गाणारी असावी. मी म्हणायचो, दाजी, बेडकी फुगून बैल होत नसते. वर्षं अशीच गेली. डॉल्बी आला, बँडला सांगावे कमी होऊ लागले. त्यांच्या मनातलं काही मनातून गेलं नाही.

मग मागच्या दसऱ्याच्या तोंडावर अक्काचं पोट दुखायला लागलं. बीडला दाखवलं, तिथून संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी घेऊन जा, खावं वाटेल ते द्या. हे वाक्य आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दाजी त्या वर्षी उसाला गेले नाहीत. अर्धा कोयता कोण नेणार आणि नेला असता तरी ते गेले नसते.

एके दिवशी दुपारी ते दुकानात येऊन मशीनजवळ उभे राहिले. म्हणाले, "तिनं आपला बँड ऐकलेलाच न्हाई."

"डोस्कं फिरलं का दाजी? जल्मभर दुसरं काय ऐकलं तिनं?"

"म्होरं बसून न्हाई ऐकलं. आधी डोक्यावर बत्तीची सूं सूं. मागून जनरेटर आला. मधी ह्या नाचणाऱ्यांच्या बोंबा. तिला नुस्ता ढोल ऐकू येतो अन् माझी पाठ दिसती." मग म्हणाले, "एकदा खुर्चीत बसून ऐकावं तिनं. मंग देवानं न्यावी तर न्यावी."

मी कात्री उचलली आणि जे कापड कापायचं नव्हतं तेच कापून बसलो.

संधी अशी आली की, गावचे पुढारी अमरसिंह साहेब यांच्या आईंचं, विजयमालाबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन चैत्रात ठरलं. शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम. पाटोद्याकडची एक मुलगी, मनिषा, टीव्हीवर गाऊन नावारूपाला आलेली, ती पाहुणी म्हणून येणार. दाजी मला घेऊन वाड्यावर गेले. साहेब सोफ्यावर बसून फोनवर बोलत होते. फोन चालू ठेवूनच त्यांनी ऐकलं. एक गाणं, बँड स्टेजवर बसलेला, ताई गाणार, एवढीच मागणी.

"मास्तर, तुमी घरचेच," साहेब म्हणाले. "वाजवा की. ताईला सांगतो मी."

पुढाऱ्याचा होकार आणि चैत्रातला ढग, दोन्ही दिसायला सारखेच. मी दाजींना तसं म्हटलंही. ते ऐकायला होतेच कुठे? ते बाहेर पडले ते ओवी गुणगुणतच.

ओवी आमच्या आईची, जात्यावरची. अक्का ती दळण संपल्यावरही म्हणायची, भांडी घासताना, मोळ्या बांधताना:

वाटंच्या गं काट्या, तुला घालते मी आण
माझ्या बंधवाचं, नको अडवू येनंजानं

या ओवीची चाल दाजींनी बँडला बसवली. मधे मनिषाताईसाठी जागा मोकळी ठेवली. क्लॅरनेट स्वतः न वाजवता बँडातल्या बद्रीनाथकडे द्यायचं ठरवलं आणि बोरीची फांदी तासून स्वतःसाठी काठी केली. चाल मोबाईलवर भरून त्यांनी ताईला धाडली. उत्तरात अंगठा आला. तो अंगठा त्यांनी साऱ्या गल्लीला दाखवला.

पण बँड होता कुठे? सगळे उसाच्या फडात पांगलेले. कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. दाजी फोनवरून शिकवायचे. उसाची गाडी भरून झाली की बद्रीनाथ पाचटाच्या कोपीबाहेर, झोपडीबाहेर, बसून वाजवायचा आणि इकडे दाजी फोन कानाला लावून ओरडायचे, "थांब बे, तिथं श्वास घेऊ नको!" ढोलवाल्या अजिनाथकडे ढोल नव्हताच, तो पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा आणि मुकादम मागून शिव्या द्यायचा, त्याही ऐकू यायच्या. अक्का बाजेवर पडून हे ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. आमची एकच काळजी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून माणसं घरी येईपर्यंत, ती टिकली पाहिजे.

मी तिच्यासाठी हिरव्या खणाची चोळी शिवायला घेतली, कार्यक्रमाला घालायला. संक्रांतीला माप घेतलं. शिमग्याला घालून बघितली तर दंडावर ढगळ. आत घेतली. पाडव्याला पुन्हा आत घेतली. तिसऱ्यांदा तिनेच माझा हात धरला, म्हणाली, "असू दे राधा. पदराखाली कोन बघतंय?"

पट्टा पडला. माणसं आली, उन्हानं करपलेली, हातांना घट्टे पडलेले. अक्का टिकली होती. मंडपवाल्याच्या खुर्च्या आणून, अक्काची बाजही तिथंच टाकून, मारुतीच्या देवळापुढे तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी सगळं फसलं.

या लोकांनी जन्मात कधी बसून वाजवलेलं नव्हतं. त्यांचा ठेका पायात असतो, हे त्यांनाच माहीत नव्हतं. बसल्यावर ढोल पळायला लागला, ट्रंपेट मागे राहिलं, झांज मधेच कुठेतरी. अजिनाथ घाम पुसत म्हणाला, "मास्तर, पाय बांधून पळायला सांगितल्यागत झालंय." दाजींची तर त्याहून वाईट तऱ्हा. काठी उचलली की त्यांचं पाऊल आपसूक मागे पडायचं. मागे, आणखी मागे, आणि देवळाच्या भिंतीला पाठ टेकली की दचकून थांबायचे. पुन्हा पुढे येऊन सुरू. पुन्हा भिंत. पोरं हसून हसून बेजार. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळे गप्प झाले.

अक्का बाजेवरून उठली. भिंतीचा आधार घेत गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता वाजवा," म्हणाली.

वाजलं! ढोल जागेवर आला, त्यामागून बाकीचे आले. दाजींचे पाय थांबले. तिचा हात त्यांच्या पाठीवर हलकेच दाबत होता, सुटत होता, दाबत होता, चालताना दाबायचा तसाच. माझ्या बहिणीनं इतकी वर्षं नुसते खड्डे दाखवले नव्हते, सारा बँड तिच्या पावलानं चालत होता, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं. बद्रीनाथ ट्रंपेटवाल्याकडे बघून हळूच म्हणाला, "आयला, मास्तर तर वैनी हाय."

अक्का म्हणाली, "मी अशीच मागं हुबी ऱ्हाते. काय बिघडलं?"

"न्हाई!" दाजी असे ओरडले की देवळातली कबुतरं उडाली. "तू म्होरं बसायचं. बसून ऐकायचं. त्याच्यापायी तर चाललंय हे समदं."

आणि त्यांनी तिला उचलून पुन्हा बाजेवर ठेवलं. मग त्यांनी बँडला नव्यानं शिकवलं. खुर्चीत बसल्या बसल्या जमिनीवर पाय टाकायला लावले, जणू काही चाललेच आहेत. अक्का बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, बोटानं ठेका धरायची तर तिलाही दटावलं, तू नुस्तं ऐक. हळूहळू जमू लागलं. शेवटच्या तालमीला ओवी सुरुवातीपासून शेवटापर्यंत नीट गेली. मला सूर कळत नाही, पण त्या संध्याकाळी देवळापुढे भाजीवाली भिवराबाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली होती आणि रडत होती. माझ्याही मनात आलं, होईल बुवा. देव इतका काही वाईट नाही.

कार्यक्रमाला मी अक्काला रिक्षातून नेलं. हिरवं लुगडं, हिरवी चोळी, कपाळावर मोठं कुंकू. दुसऱ्या रांगेत बसवली. बँड स्टेजच्या एका बाजूला खुर्च्यांवर बसलेला, इस्त्रीचे लाल कोट, मांडीवर वाद्यं. दाजी तिच्याकडे बघून काठी जराशी हलवायचे आणि ती मान खाली घालायची. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "मावशी, ह्या खुर्च्या पाव्हण्याच्या." मागच्या रांगेत गेलो. तिथूनही उठवलं. शेवटी मधल्या वाटेच्या कडेला एक खुर्ची मिळाली. मी भांडायला उठलो तर अक्का म्हणाली, "राधा, ऐकायचंच हाय ना? हितूनबी येतं ऐकू."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि साहेब लगबगीनं स्टेजवर आले. "मास्तर, ताई आल्या. गेटापासून वाजवत आना त्यान्ला."

दाजी उभे राहिले. "साहेब, आमी आज बसून..."

"बसा की मंग. कोन नको म्हनतंय? आधी आना तर खरं."

काय करणार? बँड उठला. दाजींनी बद्रीनाथकडून क्लॅरनेट घेतलं, काठी कोटाच्या खिशात ठेवली आणि सगळे गेटाकडे गेले. फटाके, फुलं, मोबाईल वर धरलेले हात. मनिषाताई हसत, नमस्कार करत आल्या. त्यांच्यापुढे बँड आणि बँडपुढे आमचे दाजी, उलटे चालत. वाट माझ्या आणि अक्काच्या समोरूनच होती. दाजींच्या पाठीमागे लाऊडस्पीकरच्या जाड वायरी आडव्या टाकलेल्या आणि त्यापलीकडे लोखंडी पेटी. मला ते दिसेपर्यंत अक्का उठली होती.

मी तिचा दंड धरला. चोळीच्या बाहीत नुसतं हाड लागलं. "अक्का, बस. मी जातो."

"सोड राधा. तुला न्हाई जमायचं."

ती गेली. माणसांतून, धुरातून, वायरी ओलांडून. तिचा हात पाठीवर पडला आणि दाजींचं क्लॅरनेट मधेच थांबलं. वाजवता वाजवता ते कधी वळलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी वळून पाहिलं. तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी आणि ती पुन्हा जिथल्या तिथं. मागून कार्यकर्ते ओरडले, "चला मास्तर, चला, थांबू नका!" अक्कानं तळवा सपाट केला. दाजी तोंड फिरवून पुन्हा वाजवायला लागले. तिनं त्यांना पेटीच्या बाजूनं वळवलं आणि पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडलं. मग ती पायरीवरच बसली. मी तिला जवळजवळ उचलूनच खुर्चीपर्यंत आणलं.

भाषणं झाली. विजयमालाबाईंना ओवाळलं. माउली बिचारी चांगली, तिनं बँडकडे बघून हातही जोडले. मग मनिषाताई माईकपाशी गेल्या. बँड तयार. दाजींनी काठी उचलली.

"दादा, ट्रॅक लावा," ताई खाली साऊंडवाल्याला म्हणाल्या.

दाजी दोन पावलं पुढे झाले. "ताई, ती ओवी... तुमच्या मोबाईलवर धाडली व्हती. आमी बसवलीय."

"कोणती ओवी, काका?" त्यांचा आवाज माईकवरून साऱ्या मैदानाला ऐकू गेला. गोड होता, त्यात काही खोट नव्हती. "अहो, रोज इतकं काय काय येतं मोबाईलवर. आता ऐनवेळी नको ना. तुमची पट्टी कोणती, माझी कोणती. पुढच्या वेळी नक्की करू हं."

साहेबांनी खालून हातानं खूण केली, बसा. दाजी बसले. सगळा बँड बसला. ताईंनी गाण्यावर गाणी म्हटली, पब्लिक उभं राहून नाचलं आणि आमची माणसं मांडीवर वाद्यं घेऊन स्टेजवर तशीच बसून राहिली, फोटोला बसतात तशी. इतकी वर्षं ज्यासाठी दाजी झुरले ते असं झालं. बसले एकदाचे! अक्का डोळे मिटून ऐकत होती. मी म्हटलं, घरी जाऊ. ती म्हणाली, "लई गोड गळा हाय पोरीचा. यान्ला राग येईल म्हनून म्या आधी बोलले न्हाई, पर नुस्त्या बँडवर ती ओवी अपुरी वाटायची, तिला बाईचाच गळा पायजे व्हता."

दुसऱ्या दिवशी दाजी घरोघर फिरले. अंगणात वाजवू, कोणी पाहुणी नको, लोक नकोत, एक ती ऐकील. पण लग्नाच्या दाट तिथी. पोटं सगळ्यांनाच. कोणी माजलगावला दुसऱ्या बँडात, कोणी अंबडला. शुक्रवारी सगळे मोकळे होते, म्हणून शुक्रवार ठरला. दाजींनी अंगण सारवून घेतलं. अक्का मला म्हणाली, "त्यान्ला सांग, शुक्रवारी मी खुर्चीतून उठनार न्हाई. कुनी पडलं तरी न्हाई उठनार."

शुक्रवारी उजाडता उजाडता ती गेली.

बाईला शेवटचं लुगडं-चोळी माहेरची लागते, आणि कोरी लागते. एकदा अंगाला लागलेली चालत नाही. म्हणून ती हिरवी चोळी चालणार नव्हती. मी भावकीला थांबवून तिच्याच घरच्या जुन्या मशीनवर बसलो. एक म्हातारी म्हणाली, माप कशाला आता, पाठीतून कापूनच घालतात. मी तिच्या अंगावर धावून गेलो. नीट माप घेतलं, बाह्या लावल्या, हुक लावले. शिवणीत माया ठेवली नाही. कोणासाठी ठेवायची?

बाया हळदकुंकू लावत होत्या. सवाष्ण गेली, भाग्याची गं, वाजवत न्या, असं चाललं होतं. तिचं भाग्य ऐकून माझ्या अंगाची आग होत होती. बँडवाले आले होते, ठरल्याप्रमाणे, कोट घालून. आले तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. दारातली गर्दी बघून कळलं.

दाजी त्यांना म्हणाले, "बसा."

"मास्तर, आता चालतच..." कोणीतरी जाणतं माणूस बोललं.

"बसून वाजवायचं," दाजी म्हणाले. "शुक्रवारच ठरला व्हता."

सारवलेल्या अंगणात बँड मांडी घालून बसला. दाजींनी मला खूण केली. "डोकं जरा वर घे तिचं, राधाकिशन. म्होरून ऐकू दे." मी अक्काच्या मानेखाली घडी घातलेली ती हिरवी चोळी सारली. आता तिचं तोंड बँडकडे होतं.

दाजींनी काठी उचलली. ओवी सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला फाटली. अजिनाथ रडत होता, त्याचा ढोल पुढे पळाला. बद्रीनाथला श्वास पुरेना. जमिनीवर पाय टाकून शिकवलेलं सगळं वाहून गेलं. दाजी काठी मारत होते, पण कोणालाच काही लागत नव्हतं. मग त्यांचा डावा हात हळूहळू मागे गेला आणि मी शिवलेल्या त्या लाल कोटावर पाठीच्या मधोमध काहीतरी चाचपू लागला. तिथं काही सापडेना. काठी तशीच वर राहिली.

वाद्यं एकेक करून गप्प झाली.

"झालं का मास्तर?" मागून कोणीतरी विचारलं. "चला, उचला आता."